जांभळीच्या खाचराचा हंडा

मित्रांनो, माझ्या अंगावर तीन पोचे आहेत. पहिला रागाचा, दुसरा दुःखाचा. तिसरा कसा पडला ते सांगण्यासाठीच मी आज बोलायला बसलो आहे, नाहीतर आम्हा हंड्यांचं तोंड पाणी घेण्यादेण्यापुरतंच असतं. मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. खालापूरजवळच्या एका लहानशा गावात, एका शेतकऱ्याच्या घरात माझं बस्तान आहे. वय विचाराल तर सत्तरी ओलांडली. पण आतली कल्हई कशी लखलखीत आहे, ते आधी बघून घ्या.

माझा जन्म पेणच्या तांबटआळीत झाला. मला घडवणारा तांबट दिवसभर हातोडीनं ठोके घालायचा आणि म्हणायचा, ज्याला मार सोसत नाही त्याला आकार येत नाही. मारणाऱ्याला असं म्हणणं सोपं असतं. पण खोटं कशाला बोलू, त्याच्या ठोक्यांनीच मला हे गोल पोट आणि हे रुंद खांदे मिळाले.

कार्तिकात साजगावची जत्रा भरली तेव्हा तो मला तिथं विकायला घेऊन आला. दुसऱ्याच दिवशी कोंडाजी नावाचा एक उंच, काळा शेतकरी समोर येऊन उभा राहिला. त्यानं मला उचललं, टिचकी मारून आवाज ऐकला आणि खाली ठेवलंच नाही. गावाच्या ओढ्याकाठी जांभळीच्या झाडाखाली रान माजलं होतं. ते तोडून, बांध घालून त्यानं नवं भातखाचर तयार केलं होतं. त्या वर्षी त्याचं पहिलं भात आलं होतं, आणि त्या भातावर तो मला घेत होता.

"नाव घाल," तो तांबटाला म्हणाला. "माजं घाल आन खाचराचंबी घाल."

तांबट हसला. "भांड्यावर मालकाचं नाव घालत्यात. शेताचं कोन घालतं रं?"

"हंडा खाचरानं दिला. मग त्येचं नाव नको व्हय?"

मग तांबटानं टोकदार छिन्नी घेतली आणि माझ्या खांद्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी अक्षरं उमटवली. उमटवताना तो एकेक शब्द मोठ्यानं म्हणत होता, म्हणून मला तो मजकूर जन्मभर पाठ आहे: 'शके १७४६ कार्तिक. कोंडाजी बिन हिरोजी. जांभळीचे नवे खाचराचे पहिले भातावर हा हंडा घेतला.'

त्या घरात माझा थाट काय सांगू! उंबऱ्याच्या आत, पाटावर, प्यायच्या पाण्याचा मान माझा. आल्यागेल्याची नजर आधी माझ्यावर पडायची. दोन वर्षांनी कोंडाजीला मुलगा झाला, येसाजी. त्याची पहिली आंघोळ माझ्यातल्या पाण्यानं झाली. हे एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. येसाजी जन्मला तेव्हा मी दोन वर्षांचा होतो आणि खाचर माझ्याहून थोडं मोठं होतं.

येसाजी विशीत असताना कोंडाजी वारला. त्याच पावसाळ्यात ओढ्याला पूर आला आणि खाचराचा बांध फुटला. येसाजीनं दोन उन्हाळे एकट्यानं दगड वाहून नवा बांध घातला. त्याच्या तळहातांची सालं निघालेली मी पाहिली आहेत, त्याचे कष्ट मी नाकारणार नाही. पुढं सरकारची मोजणी आली, साखळ्या टाकल्या गेल्या आणि कागदावर खाचर येसाजीच्या नावानं चढलं. आधी तो म्हणायचा, बांध मी घातला. मग म्हणायला लागला, खाचर मी केलं. वीस वर्षं तेच तेच बोलल्यावर त्याचं त्यालाही ते खरं वाटायला लागलं. कोंडाजीची आठवण सांगणारी माणसं एकेक करून गेली आणि उरलो मी. पण हंड्याला विचारतो कोण?

येसाजीला दोन मुलगे, थोरला सहदेव आणि धाकटा पोपट. सहदेवाला बोरघाटातल्या रेल्वेचं वेड लागलं. रुळांची देखभाल करणाऱ्या टोळीत नोकरी मिळतेय म्हणून तो एक दिवस बोचकं बांधून निघाला. येसाजीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"आपली माती सोडून लोखंडाची चाकरी करनार? जा. पुना खाचरात पाय टाकू नको," असं म्हणून त्यानं लाथ झाडली. ती मुलाला बसली नाही, मला बसली. हा माझा पहिला पोचा, डाव्या बाजूचा.

पोचा पडला आणि माझा मान गेला. पाटावर नवी पितळी कळशी आली, कानामागून आली आणि तिखट झाली. मला परसात नेलं आणि आंघोळीचं पाणी तापवायला चुलीवर चढवलं. रोज सकाळी धूर, रोज सकाळी काजळी. वर्षा-दोन वर्षांत मी तव्यासारखा काळा झालो आणि माझ्या खांद्यावरची अक्षरं काजळीच्या थराखाली गडप झाली.

दुसरा पोचा सहदेवाच्या बायकोच्या हातून पडला. तिचं नाव जयवंता; सहदेव घाटात गेला तरी ती सासरीच राहिली होती. कळशी फुटकी निघाली म्हणून त्या दिवशी ती मला घेऊन पाताळगंगेवर पाण्याला आली होती. भरलेला मी तिच्या डोक्यावर होतो. एवढ्यात घाटातून माणूस धावत आला, की दरड कोसळली आणि सहदेवाचा पाय त्यात सापडला. ती मला सावरायचं विसरली. मी दगडावर आपटलो, पण त्या वेळी तिच्याकडे पाहून मला माझं काहीच वाटलं नाही.

सहदेव वाचला. पाय मात्र गुडघ्यातून कायमचा गेला. तो कुबडी घेऊन घरी आला, पडवीत बसून दोर वळायला लागला, आणि शेतातलं त्याच्या वाटचं काम जयवंता करायला लागली. पेरणीआधी राब भाजण्यापासून मळणीपर्यंत ती दोघांचं काम करायची. येसाजी ते बघायचा आणि तोंड फिरवायचा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातला तो माणूस.

मग येसाजी आजारी पडला आणि त्यानं मृत्युपत्र करायचं ठरवलं. कर्जतहून अर्ज लिहिणारे एक तात्या आले. येसाजीला उन्हाची ऊब हवी म्हणून खाट परसाच्या दारात टाकली होती, म्हणजे अगदी माझ्या चुलीपाशी. त्यामुळं मी सगळं ऐकलं.

"जांभळीचं खाचर माज्या कष्टाचं," येसाजी म्हणाला. "ते सारं पोपटला. गाडी न् बैलबी पोपटला."

तात्यांनी टाक थांबवला. "थोरल्याला काहीच नाही?"

"खाचराचे तुकडे केलं तर दोगंबी उपाशी मरतील. आन लंगड्याला नांगर धराया येतो व्हय?"

"तरी पण. लोक काय म्हणतील? नावाला तरी काही द्या."

येसाजीनं इकडं तिकडं पाहिलं. त्याची नजर फिरत फिरत माझ्यावर आली. "त्येला तो हंडा लिवा. काळा झालाय, पन तांबं हाय. माज्या बापाचा हंडा हाय तो."

तात्या माणूस टापटिपीचा. त्यांनी जसंच्या तसं लिहिलं: 'आमचे तीर्थरूप कोंडाजी यांचे वेळचा तांब्याचा हंडा एक, चिरंजीव सहदेव यास.' मित्रांनो, मला हातपाय असते तर मी तिथंच नाचलो असतो. ज्या मुलाला येसाजी खाचरातून उठवत होता, त्याच्याच हाती तो खाचराची साक्ष देत होता, आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

श्रावणात येसाजी गेला. तेराव्यानंतर कागद वाचला गेला. पोपट वाईट नव्हता, पण आयतं ताट समोर आलं तर कोण ढकलतो? तो खाली बघून म्हणाला, "दादा, पडवीत ऱ्हावा तुमी. वैनीला खाचरात काम देईन, मजुरी देईन."

जयवंता उठून परसात आली. ज्या खाचरात तिनं आठ वर्षं भाताच्या रोपांचं आवण लावलं, त्याच खाचरात आता मजूर म्हणून उभं राहायचं होतं. ती माझ्यापाशी बसून रडली. मग डोळे पुसून तिनं मला उचललं, कारण चूल वेगळी झाली होती आणि पाण्याला भांडं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती मला नदीवर घेऊन गेली आणि चिंच आणि राखेनं घासायला लागली. हातभर जागा घासली तेव्हा बोटांना काहीतरी खरखरीत लागलं. तिला वाचता येत नव्हतं. तिला वाटलं, नक्षी असेल. मी आतल्या आत ओरडत होतो, अगं बाई, अजून घास! पण काजळी चिवट होती आणि तिला कामाला जायचं होतं.

कार्तिकात साजगावच्या जत्रेत ती मला पोचे काढायला घेऊन गेली. तिथं नामा तांबटाचं दुकान होतं. मला घडवणाऱ्याचा हा मुलगा, आता स्वतःच म्हातारा झालेला. त्यानं मला फिरवून पाहिलं आणि तो एकदम थबकला.

"बाय, ही माज्या बापाची छिन्नी हाय. त्येच्या श चा काना मोडलेला असायचा," म्हणत त्यानं नाकाजवळ नेऊन वाचलं. "शके सतराशे शेचाळीस. कोंडाजी बिन हिरोजी. पुढं जां... आन मग समदी काजळी."

"कोंडाजी माज्या आजसासऱ्याचं नाव," जयवंता म्हणाली. "जां म्हंजी?" आणि बोलता बोलताच तिचा चेहरा बदलला. तिनं चिंचेचा गोळा उचलला.

नामानं तिचा हात धरला. "थांब गं. हितं घासशील तर उद्या कुनीबी म्हनंल, नामानं चार आन्यात कोरून दिलं. पंचांम्होरं घास, न्हाईतर सायबाम्होरं घास. आन पोचंबी ऱ्हाऊ दे. जुनं ते जुनंच दिसाया पायजे."

घरी येऊन तिनं सहदेवाला सांगितलं. तो कुबडीवर हनुवटी टेकून बसून राहिला.

"शहान्यानं कोर्टाची पायरी चढू नये," तो म्हणाला. "आन बापानं लिवलंय. बापाचा शब्द मोडू व्हय मी?"

"तुमच्या बापाचा शब्द कागदावर हाय," जयवंता म्हणाली. "त्येंच्या बापाचा शब्द तांब्यावर हाय. त्यो मोडायचा कोनी?"

सहदेवानं हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाला, "हंडा गोनपाटात गुंडाळून ठेव."

पनवेलच्या मुनसफाकडं दावा लागला. तारीख येता येता दीड वर्ष गेलं. एक सबंध पावसाळा जयवंता त्याच खाचरात मजुरीनं राबली. तेवढा सगळा काळ मी गोणपाटात होतो. एकदा पोपट कोरा करकरीत पितळी हंडा घेऊन पडवीत आला. "वैनी, ते काळं भांडं कशाला? हा घ्या, बदला." हंड्यावर काही लिहिलंय हे कुठून तरी त्याच्या कानावर गेलं होतं. तो हंडा दिसायला बरा होता, पण पत्रा पातळ.

जयवंता पदर सावरून शांतपणे म्हणाली, "मामंजींनी लिवून दिलेली वस्तू हाय, भावजी. बदलू कशी?"

पोपट नवा हंडा घेऊन परत गेला. मला इतकं हसू आलं की आत घुमलं असतं.

तारखेला जायचं कसं, हा प्रश्न होता. पनवेल लांब, सहदेवाला चालवत नाही, आणि घरात गाडी एकच, ती पोपटची. मग काय, आदल्या दिवशी सकाळी दोघं भाऊ एकमेकांविरुद्ध भांडायला एकाच गाडीत बसून निघाले. वाटेत चौक गावाला थांबून त्यांनी एकाच फडक्यातली भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी कचेरीपाशी उतरलो तेव्हा पायऱ्या उंच होत्या. सहदेव कुबडीवर, जयवंता त्याला धरून. पोपटनं जराशानं हात पुढं केला. "हंडा द्या हिकडं. मी घेतो." असा माझ्याविरुद्धचा पक्षकारच मला साक्षीला खांद्यावर घेऊन गेला.

आत मोठी वादावादी झाली. पोपटचे वकील म्हणाले, मोजणीच्या कागदावर खाचर येसाजीच्या नावावर आहे, ते त्याच्या कष्टाचं, आणि स्वकष्टाचं ज्याला हवं त्याला द्यावं. सहदेवाच्या वकिलांनी मला पुढं केलं. त्यावर पहिले वकील हसले. "जुन्या हंड्यावर नवी अक्षरं कोरायला कितीसा वेळ लागतो?"

मुनसफसाहेब म्हातारे होते, चष्मा कपाळावर ठेवून बोलायचे. त्यांनी मला जवळ घेऊन पाहिलं. "अर्धी अक्षरं अजून काजळीखाली आहेत. ही काजळी काही काल बसलेली नाही. बाई, हे घासायचं कशानं?"

"चिंचनं, सायेब. आनलीय."

सगळे बाहेर ओसरीवर आले. दोन्ही वकील, कारकून, नामा तांबट, बाहेर बसलेले पक्षकार, साऱ्यांनी कोंडाळं केलं. मी डळमळू नये म्हणून पोपटनं मला पायरीच्या कडेवर दोन्ही हातांनी धरलं आणि जयवंता घासायला बसली. पुढं काय लिहिलंय हे तिथं माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. जांभळी असेल, नाहीतर आणखी कुठल्या गावाचं नाव असेल. तसं झालं तर खाचर, दीड वर्षाची आशा, सगळं त्या काजळीच्या पाण्याबरोबर वाहून जाणार होतं.

कारकून वाकून वाचत होता. "जां... भ... ळी... चे." जयवंता घासत राहिली. "नवे... खाचराचे... पहिले भातावर... हा हंडा घेतला."

पोपटचे हात सुटले. मी तीन पायऱ्या गडगडत खाली गेलो आणि साऱ्या पनवेलला ऐकू जाईल असा ठणठणाट करून फरशीवर थांबलो. हा माझा तिसरा पोचा. हा काढायला मी कुणालाही हात लावू देत नाही.

मुनसफांनी पोपटला विचारलं, "हा हंडा तुमच्या आजोबांचा, हे मान्य आहे?" त्याचे वकील डोळ्यांनी खुणा करत होते. पोपटनं त्यांच्याकडं पाहिलं, मग भावाच्या कुबडीकडं पाहिलं.

"बाच्या कागदातच लिवलंय, सायेब," तो म्हणाला. "आज्याचाच हाय."

दुपारनंतर निकाल वाचला गेला. साहेबांनी तो दोघा भावांना कळेल अशा भाषेत समजावून सांगितला. "माणसानं स्वतः मिळवलेलं असेल तर त्यानं ते कुणालाही द्यावं, आमची हरकत नाही. म्हणून गाडी आणि बैल पोपटचे. पण वडिलांकडून आलेल्या जमिनीत मुलगा जन्मतो त्याच दिवशी त्याचा हक्क जन्मतो. हंड्यावरचा शक तुमच्या वडिलांच्या जन्माआधीचा, म्हणजे खाचर आजोबांचं. तुमच्या वडिलांनी बांध घातला, कष्ट केले, ते खरं. पण बांध घातला म्हणून बापाची जमीन एकट्याची होत नाही. जे सगळं आपलं नाही, ते कागद करून सगळं कसं देता येईल? खाचर दोघांचं, निम्मं निम्मं."

सहदेव कुबडी टाकून मटकन खाली बसला आणि रडायला लागला. जयवंता रडली नाही. ती ओसरीवरून खाली आली, तिनं मला उचललं, पदरानं पुसलं आणि डोक्यावर घेतलं. मी रिकामा होतो, तरी ती भरल्या हंड्याच्या चालीनं चालली. माझ्या उभ्या आयुष्यात मला कुणी इतकं उंच नेलं नाही.

परत येतानाही गाडी तीच. जांभळीपाशी पोपटनं बैल थांबवले. "दादा, थोरल्यानं वाटं करायचं, धाकट्यानं उचलायचा, अशी रीत हाय. कर वाटं."

सहदेवानं कुबडीनं मधोमध रेघ दाखवली. वरचा तुकडा पाण्याजवळचा, म्हणून सरस, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पोपट गाडीतून उतरून रेघेपाशी गेला. मग म्हणाला, "खालचा माजा." आणि पुढं, "बैल माजं हायेत, वैनी. आवणाला तुमी माज्याकडं या, नांगराला मी तुमच्याकडं येतो. सावड करू." तेव्हापासून आजपर्यंत ती सावड चालू आहे. खाचराचे तुकडे झाले आणि कुणी उपाशी मेलं नाही. येसाजी असता तर त्यालाही ते दिसलं असतं.

त्या वर्षीच्या भातावर जयवंता मला पुन्हा साजगावला घेऊन गेली. सहदेवही गाडीत होता. नामानं आतून कल्हई केली आणि विचारलं, "आता काय घालू?"

सहदेव म्हणाला, "तिचं नाव घाल."

म्हणून आज माझ्या खांद्यावर दोन ओळी आहेत. वरची तुम्हाला पाठ झालीच आहे. खालची अशी: 'शके १८०७ कार्तिक. जयवंता सहदेव. जांभळीचे खाचराचे आपले वाट्याचे भातावर कल्हई केली.' आता मी उंबऱ्याच्या आत पाटावर असतो, आणि पितळी कळशी परसात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्याही घरात परसाच्या चुलीवर एखादं काळं, पोचलेलं भांडं असेल. मोडीत टाकण्याआधी ते एकदा चिंचेनं घासा, आणि लिहिलेलं दिसलं तर शेवटच्या अक्षरापर्यंत घासा. जाणारा माणूस मागं काहीही लिहून ठेवो, त्याच्याही आधी कुणीतरी काहीतरी लिहून ठेवलेलं असतं. कुणाचा तरी वाटा त्या काजळीखाली वाट बघत असेल, आणि भांड्याला हाक मारता येत नाही.